कूलिंग टॉवरचं हिरवट लाकूड बंबात घालावं का?

बिरडेप्रेमी

नमस्कार मंडळी. प्रश्न लाकडाचा आहे, पण शेवटी तो आमच्या स्वयंपाकघरात शिरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं घर अलिबाग तालुक्यात, समुद्राजवळ, नारळ-सुपारीच्या वाडीत. वाडीला नवीन कुंपण घालायचं होतं. ओळखीचा भंगारवाला म्हणाला, एका कारखान्याने जुना कूलिंग टॉवर (गरम पाणी थंड करायचा लाकडी मनोरा) उतरवलाय, त्याचं लाकूड लिलावात घेतलंय, किलोवर देतो. इतकी वर्षं पाण्याखाली राहून सडलं नाही म्हणजे काय दर्जाचं असेल, असा हिशेब करून बाबांनी टेम्पोभर उतरवून घेतलं. जाड चौकोनी खांब आणि ढीगभर पातळ पट्ट्या.

कुंपणाला निम्मंही लागलं नाही. उरलेलं घराच्या मागच्या बाजूला, पन्हळीखालीच रचून ठेवलंय. वरून करडं पडलंय, पण कापलं की कडेने बोटभर हिरवट पट्टा दिसतो आणि आतला गाभा फिका, पिवळसर. खांबांच्या अंगावर ओळीने बारीक चिरा आहेत, कोणी पटाशीची टोकं टोचत गेल्यासारख्या. सुताराने चार खांब कापले आणि पाचव्याला हात जोडले. म्हणाला, दादा, हा भुसा घसा धरतो, मला नको.

आता बाबांनी पट्ट्यांचा बंबफोड करायला घेतलाय. थोडा बंबात गेलाही. जाळाला कडेने हिरवी झाक येते. बाबांचं म्हणणं, आपला बंब तांब्याचा आहे ना, त्याचा रंग तो. आणि आई ती राख नेहमीप्रमाणे वापरते. वालाच्या बियाण्याला चोळून ठेवते, अळूच्या आणि वांग्यांच्या वाफ्यात टाकते. विहीर तिथून हाकेच्या अंतरावर, आणि वाडीच्या टोकाला तळं, ज्यात आम्ही जिताडे मासे सोडलेत.

तर हे लाकूड जाळावं का? नाहीतर करावं काय? पुरून टाकू का?

घाटावरचा

एवढा विचार कशाला? जाळून टाका. आमच्याकडे कराडच्या बाजूला गुऱ्हाळावर पूर्वी रेल्वेचे जुने स्लीपर यायचे, चुलाणात घातले की रात्रभर जळायचे. कोणाला काही झालं नाही. अग्नीत सगळं शुद्ध होतं. अगदीच नको असेल तर वीटभट्टीवाल्याला द्या, तो वर पैसे देईल.

लाकडाबंदर

बिरडेप्रेमी, आज संध्याकाळपासून तो बंब या लाकडाने पेटवू नका. बाकी सगळं नंतर वाचा.

आता सांगतो का ते. माझी नोकरीची सगळी वर्षं मुंबईत रे रोडच्या बाजूला, लाकूडबाजारात गेली, त्यातली बरीचशी लाकूड 'ट्रीट' करणाऱ्या, म्हणजे ते सडू नये म्हणून त्यात औषध भरणाऱ्या यार्डात. तुम्ही लिहिलेल्या तीन खुणा, म्हणजे कडेचा हिरवट पट्टा, फिका गाभा आणि ओळीतल्या चिरा, या वाचूनच मला सिलिंडरच्या दाराचं चाक दिसलं. त्या चिरा मुद्दाम मारलेल्या असतात. काही लाकडं औषध आत घेत नाहीत, म्हणून दातेरी रोळांतून काढून त्यांना आधी टोचतात. मग ट्रॉलीवर रचून लोखंडी सिलिंडरमध्ये ढकलायचं, दार आवळायचं, पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. लाकडातली हवा निघाली की हिरवं-पिवळं द्रावण आत सोडायचं आणि दाब द्यायचा. काही तासांनी दार उघडलं की ओला, थेंब गाळणारा, शेवाळी रंगाचा माल बाहेर यायचा. तो निथळेपर्यंत फरशीवर ठेवायचा, ती फरशी कायम हिरवी. नवीन पोरगं हातमोजे न घालता माल उचलायला गेलं की आमचा मुकादम शिव्या घालायचा, त्या इथे लिहीत नाही.

त्या द्रावणाला यार्डात सगळे अस्कू म्हणत. कागदोपत्री नाव सीसीए, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. हे काही परदेशातून आलेलं प्रकरण नाही. १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन या आपल्या माणसाने ते शोधलं आणि तिथून ते जगभर गेलं. कल्पना फार हुशारीची आहे. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक वाळवीला आणि तांब्याला न जुमानणाऱ्या बुरशीलाही मारतं, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या धाग्यात जखडून ठेवतं. म्हणून तो टॉवर रात्रंदिवस कोमट पाण्याच्या धारेखाली टिकला. लाकूड म्हणून ते उभं आहे तोवर त्याच्याइतका गुणी माल नाही. भांडण सुरू होतं ते मोडल्यावर.

आणि घाटावरचा, अग्नीत सगळं शुद्ध होतं हे तुळशीच्या काडीबद्दल ठीक आहे. आर्सेनिक मूलद्रव्य आहे. जाळून त्याचं दुसरं काही होत नाही. थोडं धुरावाटे जातं, उरलेलं राखेत बसतं. एक हिशेब करून बघा. जमिनीत रोवायच्या लाकडाला अमेरिकेत घनमीटरला ६.४ किलो औषध भरायचे. त्यात निखळ आर्सेनिक साधारण १.४ किलो. घनमीटरभर सुकं पाइन धरा पाचशे किलो. म्हणजे किलोभर बंबफोडात आर्सेनिक जवळपास पावणेतीन ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात आपल्याकडे मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. ते पावणेतीन ग्रॅम पाण्यात सारखं पसरलं असं समजा, तर दहा हजार लिटरचे सत्तावीस-अठ्ठावीस टँकर त्या मर्यादेला टेकतील. ते सगळंच्या सगळं विहिरीत जात नाही, मान्य. पण ते जातं कुठे याचा विचार करायला एवढं पुरे.

राखेचा तर वेगळाच मामला. साध्या पाइनच्या शंभर किलोंत राख किलोभरसुद्धा पडत नाही. या लाकडाच्या शंभर किलोंत नुसती तांबं-क्रोमियम-आर्सेनिकची ऑक्साइडं सव्वा किलोच्या घरात. म्हणजे तुमच्या आई सुपात घेतात ती लाकडाची राख नव्हेच. त्यातलं आर्सेनिक शेकडा प्रमाणात मोजावं लागतं. शिवाय लाकडात असताना जे घट्ट धरलेलं होतं, ते राखेतून पाण्याबरोबर सहज सुटतं, आणि सौम्य झालेलं क्रोमियम आगीत पुन्हा आपल्या जुन्या, जहरी रूपात जाऊ शकतं.

काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या खेड्यातलं आठ जणांचं कुटुंब हिवाळाभर असल्याच प्लायवूडचे तुकडे घरच्या शेगडीत जाळत होतं. दर हिवाळ्यात अंगावर पुरळ, नाकातून रक्त, केस गळणं, आणि उन्हाळा आला की बरं. डॉक्टरांना उमगेना. शेवटी केसांत आणि नखांत आर्सेनिक सापडलं. १९८४ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय.

जाता जाता बाबांना सांगा, तांब्याचा बंब विरघळून जाळात पडत नाही. हिरवी ज्योत त्या पट्टीतल्या तांब्याची आहे.

बिरडेप्रेमी

काका, वाचून हातपाय गार पडले. बंब बंद केला, गॅसवर पाणी तापवतोय. बाबा अजून म्हणतायत की पन्नास वर्षं बंब पेटवतोय. आईने मात्र न बोलता राखेचा डबा उचलून पडवीबाहेर नेऊन ठेवला.

पण मग पुरून टाकलं तर? मातीत जाऊन कधीतरी कुजेलच ना? आणि भुसा आम्ही गोठ्यात पसरला होता.

दक्षिणवारा

मी न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात असतो, द्राक्षमळ्यांचा मुलूख. इथे तर हे लाकूड म्हणजे रोजचं जेवण. वेलींच्या ओळी ज्या खांबांवर उभ्या आहेत ते बहुतेक सीसीए मारलेल्या पाइनचे. तोडणीचं यंत्र ओळीवरून गेलं की दर हंगामाला खांब मोडतात आणि मळ्याच्या कोपऱ्यात मोडक्या खांबांचे डोंगर साठतात. जाळायला बंदी, लँडफिलला, म्हणजे कचरा पुरायच्या जागी पाठवायचं तर दाम मोजा. म्हणून बरेच जण मोडकं टोक कापून ते मेंढ्यांच्या कुंपणाला देतात. लाकूड ज्या कामासाठी बनलं त्याच कामाला आणखी काही वर्षं. मला हा त्यातल्या त्यात शहाणपणा वाटतो.

तरी लोक जाळतातच. घरबांधणीतले तुकडे फुकट मिळतात, थंडीत शेगडीत जातात. इथल्या शहरांत जून ते ऑगस्टमध्ये हवेची तपासणी केली की धुळीत आर्सेनिक वर चढलेलं दिसतं आणि उन्हाळ्यात खाली येतं. कारखाना नाही, काही नाही, नुसत्या घरोघरच्या शेगड्या. काकांनी सांगितलेलं विस्कॉन्सिन एका घराचं, हे अख्ख्या वस्तीचं.

एक फरक लक्षात ठेवा. इथे घराच्या आतल्या चौकटीला बोरॉन मारलेलं लाकूड असतं, गुलाबी रंग दिलेलं. ते माणसाला त्यामानाने सौम्य. तुमच्याकडच्या बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या फर्निचरला घाबरायचं कारण नाही. हिरवट कडेला घाबरा.

निवृत्त_कीमन

घाटावरच्यांनी स्लीपरचं नाव काढलं म्हणून लिहितो. स्लीपरमध्ये दोन जाती होत्या. साग, साल, अंजन असली टिकाऊ लाकडं तशीच टाकायचे. चीड, देवदार, कैल ही नरम लाकडं क्रिओसोटमध्ये शिजवून यायची. तो डांबराचा भाऊ, दगडी कोळशापासून निघतो. उन्हाळ्यात दुपारी रुळावरून चालताना जो वास डोक्यात जायचा तो त्याचा. बूट चिकटायचे. उघड्या हाताने उचललं आणि वर ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी सोलायची, गँगमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

त्यात आर्सेनिक नाही, हे खरं. पण कॅन्सरला निमंत्रण देणारी तेलं भरपूर, आणि ते पाण्यापेक्षा जड असल्यामुळे ओढ्याच्या तळाशी जाऊन बसतं. आता कॉंक्रीटचे स्लीपर आल्यावर जुना माल हॉटेलवाल्यांकडे गेला. रिसॉर्टमध्ये त्याची बाकं, टेबलं. एका ठिकाणी तर लहान मुलांच्या वाळूच्या हौदाला स्लीपरची चौकट केलेली पाहिली. मालकाला सांगितलं. तो म्हणाला, रस्टिक लुक आहे.

गुऱ्हाळाचं म्हणाल तर साल आणि अंजनाचा स्लीपर जळाला असेल तर तुमचं नशीब. चीडचा असेल तर धूर कोणीतरी गिळलाच की.

घाटावरचा

बरं बाबा, कान पकडले नाहीत तरी ऐकलं. पण एक सांगा, वीटभट्टीचं काय वाईट? तिथे धूर उंच जातो.

लाकडाबंदर

उंच जातो आणि दुसऱ्याच्या अंगणात उतरतो. राख विटेत किंवा भट्टीच्या बाजूच्या शेतात. भंगाराचं लाकूड कुठे जाळलं जातं हे कोणी विचारत नाही हीच खरी गोम आहे. मुंबईत पावाच्या भट्ट्यांत जुन्या फर्निचरचं आणि पाडकामाचं लाकूड वर्षानुवर्षं जळत आलंय, कारण ते सरपणापेक्षा स्वस्त. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा वीज घ्या असं बेकऱ्यांना सांगितलं, ते हवेच्या प्रदूषणासाठी. त्या ढिगात रंगवलेलं काय, अस्कूचं काय, कोण निवडत बसतंय?

आता बिरडेप्रेमी, तुमच्या पुरण्याबद्दल. नका पुरू. तुमची जमीन समुद्राकाठची, रेताड. तांबड्या मातीत लोह असतं, ते आर्सेनिकला बरंचसं धरून ठेवतं. रेती काही धरत नाही, पावसाबरोबर खाली सोडते, आणि खाली तुमची विहीर. त्यात खड्ड्यात हवा पोहोचली नाही की आर्सेनिकचं रूप बदलतं, ते जास्त विषारी होतं आणि पाण्याबरोबर जास्त फिरतं. फ्लोरिडात बांधकामाचा कचरा अस्तर न घातलेल्या खड्ड्यांत पुरायची पद्धत होती, तिथल्या अभ्यासकांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं. शिवाय तिथे हेच लाकूड इतर पाडकामाबरोबर दळून बागेच्या आच्छादनात जात होतं. लोक आपल्या हाताने गुलाबाच्या मुळाशी आर्सेनिक पसरत होते. २००३ संपताना अमेरिकेत घरगुती वापराचं सीसीए थांबलं, पण आधी ठोकलेलं लाकूड तिथेच आहे, ते अजून मोडून बाहेर येतंय.

तुमच्या बाबतीत मी काय करीन ते सांगतो.

रचलेला ढीग आधी पन्हळीखालून हलवा. पावसाची धार त्यावर पडून वाफ्याकडे वाहतेय, हे सगळ्यात वाईट. विटांवर, जमिनीपासून उचलून, वर पत्रा. विहीर आणि तळं दोन्हीपासून लांब. माशाला तांबं आर्सेनिकपेक्षाही लवकर बाधतं, तेव्हा जिताड्यांचा विचार आधी करा.

जे खांब अख्खे आहेत ते कुंपणालाच लावा, पलीकडच्या बांधाला, जिथे भाजी नाही. दक्षिणवारा म्हणतात तेच. खांब उभा असताना त्यातून सुटतं ते थोडं, बुंध्याभोवती वीतभर मातीत राहतं. कापाकापी मात्र बंद. खांब कापला की जो भुसा पडतो त्यातून पाण्यात सबंध खांबापेक्षा खूप लवकर सुटतं. कापावंच लागलं तर खाली ताडपत्री, तोंडावर चांगला मास्क, भुसा पिशवीत. गोठ्यात पसरलेला भुसा शेणासकट उचला, उकिरड्यात टाकू नका, कारण तो उकिरडा पुढच्या वर्षी शेतात जाणार. गाई लाकूड चाटतात. गोठ्याच्या दावणीला हे लाकूड असेल तर आजच काढा.

भंगारवाल्याला परत देऊ नका. तो बंबफोड म्हणून तुमच्या शेजाऱ्याला विकेल.

उरलेल्या तुकड्यांना सरळ रस्ता आपल्याकडे नाही, हे कबूल करावं लागेल. घातक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अस्तर घातलेल्या जागा आहेत. पण तिथे माल जातो तो कारखान्याच्या नावाने. टॉवर पाडला तेव्हा कारखान्यानेच तिकडे पाठवायला हवा होता. एकदा तो भंगाराच्या वजनकाट्यावर चढला की त्याचं नाव होतं लाकूडफाटा, आणि किलोचा भाव लागला की जबाबदारी संपली. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रायगडच्या कार्यालयाला लेखी विचारा, भंगारवाल्याच्या पावतीची प्रत जोडा, लाकूड कुठून आलं ते लिहा. उत्तर येईपर्यंत माल कोरडा ठेवायचा. कोरड्यात तो कुठे पळत नाही.

बिरडेप्रेमी

पावती आहे, बाबांनी जपून ठेवलीय, भाव चांगला मिळाला म्हणून. खात्री कशी करायची ते सांगाल का? आणि वाफ्यांचं, वालाचं काय? आईचा तोच एक प्रश्न आहे.

लाकडाबंदर

खात्रीला जाळून बघू नका म्हणजे झालं. क्रोम अझुरॉल नावाचं रसायन ताज्या कापावर लावलं की तांबं असेल तिथे गडद निळं उमटतं, कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विचारा. त्याने तांबं कळतं, आर्सेनिक नाही. मोठ्या भंगार यार्डात स्टील-पितळ ओळखायला बंदुकीसारखं एक्सआरएफ यंत्र असतं. ते कापावर टेकवलं की क्रोमियम, तांबं, आर्सेनिक तिन्ही आकडे दिसतात. चहा पाजून काम होतं. विहिरीचं पाणी तपासायला द्याल तेव्हा आर्सेनिक आणि क्रोमियम वेगळं मागून घ्या, साध्या तपासणीत ते धरतीलच असं नाही. तोवर पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा.

वालाबद्दल आईंना सांगा, त्या राखेतले वाल ना पेरायचे ना भिजत घालायचे. धुऊन वगैरे नाही. वर्षभराच्या बियाण्याचं वाईट वाटेल, शेजारी कोणाकडून तरी मिळेल. डब्यातली राख आणि ते वाल जाड पिशवीत बांधून त्याच ढिगाशेजारी ठेवा.

वाफ्यांत राख ताजी दिसत असेल तर वरची माती चार-पाच बोटं खरवडून काढा, तीही पिशवीत. या वर्षी त्या जागी अळू, पालेभाजी, मुळा, रताळं काही नको. पाला आणि कंद हे जास्त ओढतात, शिवाय माती अंगाला चिकटून येते. वांगी-मिरचीच्या फळात त्यामानाने कमी उतरतं, पण मातीची तपासणी होईपर्यंत मी तीही लावणार नाही. डीएपी खत घालू नका, त्यातलं स्फुरद मातीत आर्सेनिकची जागा घेतं आणि आर्सेनिक सुटं होतं. आणि काढलेली माती कोणी भाताच्या खाचरात टाकायला सुचवेल, तर स्पष्ट नाही म्हणा. साचलेल्या पाण्यात मातीने धरलेलं आर्सेनिक सुटतं आणि भात ते आनंदाने उचलतो. बंगालमध्ये भूजलाच्या आर्सेनिकने भातशेतीला हाच त्रास आहे.

नारळाच्या आळ्यात राख टाकली होती का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

बिरडेप्रेमी

टाकली होती, विहिरीकडच्या दोन माडांना. उद्या सकाळी बाबा आणि मी आळी उकरतो. बाबा स्वतःहून फावडं शोधतायत.

लाकडाबंदर

हातमोजे घालून उकरा. बाबांनाही घाला.